ब्रोंको नागुर्स्की : मैदानांतून आखाड्यांत

इ. स. १९३७ मध्यें अमेरिकेंतील एका खेळाडूनें तीन आठवड्यांच्या अवधींत फुटबॉलचे पांच सामने खेळले आणि तेवढ्याच दिवसांत आठ निरनिराळ्या शहरीं कुस्त्याहि केल्या. पोर्टलंड, व्हँकूव्हर, सिॲटल, फीनिक्स, लॉस एंजेलिस, ओकलंड, सॉल्ट लेक सिटी आणि फिलाडेल्फिया हीं तीं आठ शहरें. नकाशा पुढें घेऊन पाहिल्याखेरीज या धांवपळीची कल्पना यावयाची नाहीं. यांतलीं सात शहरें त्या खंडाच्या पश्चिमेकडचीं, तर आठवें पूर्व किनाऱ्याजवळचें. मधलें अंतर दोन हजार मैलांहून अधिक. आणि ज्या संघाकडून तो फुटबॉल खेळे तो संघ होता शिकागोचा, म्हणजे या दोहोंच्या मध्येंच कोठेंतरी. आज मैदानावर हाडें मोडून घ्यावयाचीं, रात्रीं गाडींत बसावयाचें, आणि उद्यां परगांवच्या दिव्यांच्या झगमगाटांत दुसऱ्या कोणाशीं झोंबावयाचें, असा हा क्रम होता.

या गृहस्थाचें नांव ब्रोंको नागुर्स्की. तो कोणी पोटासाठीं दारोदार फिरणारा हौशी मल्ल नव्हता. अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासांत सर्वांत बलाढ्य गडी कोण, असा वाद निघाला म्हणजे अजूनहि त्याचें नांव पहिल्या दोनचारांत घेतलें जातें. एवढ्या कीर्तीच्या माणसाला दोन धंद्यांच्या जुवाखालीं एकाच वेळीं मान कां द्यावी लागली, आणि त्या दोन धंद्यांनीं त्याला काय काय दिलें, हें पाहण्यासारखें आहे.

नागुर्स्कीचा जन्म ३ नोव्हेंबर १९०८ रोजीं कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतांतील रेनी रिव्हर या गांवीं झाला. आईबाप युक्रेनमधून आलेले. मुलगा लहान असतांनाच हें कुटुंब सरहद्दीच्या अलीकडे, अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांत, इंटरनॅशनल फॉल्स या गांवीं येऊन राहिलें. हा मुलूख अरण्यांचा, लांकूडतोडीचा आणि हाडें गोठविणाऱ्या थंडीचा. बापाचें वाणसौद्याचें दुकान होतें. पोरानें शेतावर आणि लांकडाच्या वखारींत अंग मोडून काम केलें. त्याचें खरें नांव ब्रोनिस्लाव. पहिल्या इयत्तेंत घालतांना आईचा युक्रेनी उच्चार मास्तरणीला नीट कळला नाहीं व तिनें हजेरीपटावर ‘ब्रोंको’ असें लिहिलें, अशी हकीकत सांगतात. अमेरिकन भाषेंत ‘ब्रोंको’ म्हणजे न माणसाळलेला घोडा. मास्तरणीच्या चुकीनें पुढें वर्तमानपत्रांचे मथळे करणाऱ्यांची मोठीच सोय झाली.

त्याच्या विद्यापीठप्रवेशाचीहि एक दंतकथा आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे शिक्षक क्लॅरेन्स स्पिअर्स नव्या खेळाडूंच्या शोधांत खेड्यापाड्यांतून हिंडत होते. शेतांत नांगर धरलेल्या एका तरुणाला त्यांनीं वाट विचारली. त्या तरुणानें नांगर उचलला आणि बोटानें दाखवावी तशी नांगरानेंच दिशा दाखविली. स्पिअर्सनीं त्याला तेथेंच आपल्या संघांत घेतलें! ही गोष्ट कोणीं खरी मानावी अशी नाहीं, आणि सांगणारेहि ती हंसतच सांगत. तिच्यांत बकासुराच्या गाड्याभर भाताची जी गोडी आहे तीच आहे. मात्र त्याच्या बोटांतली अंगठी सामान्य माणसाच्या अंगठ्याला सैल व्हावी एवढी मोठी होती, आणि सहा फूट दोन इंच उंची व सुमारें सवादोनशें पौंड वजन घेऊन तो पळूंहि शके, हें मात्र कागदोपत्रीं नमूद आहे.

येथें एक खुलासा करावयास हवा. अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या मैदानांवर खेळला जाणारा पायचेंडू नव्हे. तेथें लांबट चेंडू हातांत घेऊन पळावयाचें असतें, आणि समोरच्या अकरा जणांनीं त्या पळणाराला अंगावर झडप घालून भुईसपाट करावयाचें असतें. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकतां आलें तर चेंडू आपल्याकडे राहतो. नाहीं तर तो दुसऱ्या पक्षाकडे जातो. खेळाचा निम्मा भाग असा धडका देण्याचा आणि धडका खाण्याचाच आहे. चेंडू घेऊन मधोमध मुसंडी मारणारा ‘फुलबॅक’ आणि रांगेंत उभा राहून ती मुसंडी अडविणारा ‘टॅकल’ ही दोन अगदीं भिन्न कामें. नागुर्स्की दोन्ही करी. १९२९ सालीं निवडक खेळाडूंच्या ज्या राष्ट्रीय याद्या छापल्या जात, त्यांत कोणी त्याला फुलबॅकच्या जागीं तर कोणी टॅकलच्या जागीं बसविलें होतें. त्याच्या आदल्या वर्षीं विस्कॉन्सिन विद्यापीठाशीं झालेल्या सामन्यांत तर तो पाठीच्या मणक्याला इजा झालेली असतां कंबरपट्टा आवळून खेळला, आणि मिनेसोटाचा एकमेव विजयी मारा त्यानेंच साधला.

१९३० मध्यें तो शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघांत गेला. पगार ठरला वर्षाला ५,००० डॉलर. रक्कम त्या वेळीं चांगलीच होती, पण वेळ वाईट होती. जागतिक मंदीचा वणवा पेटला होता, लोक तिकिटाला पैसे काढीनासे झाले होते, आणि संघाचा मालक जॉर्ज हॅलस हा मुळांतच हात आंखडता धरणारा गृहस्थ. पुढच्या वर्षीं पगार ४,५०० वर आला व त्यापुढच्या वर्षीं ३,७०० वर. १९३२ च्या अखेरीस तिजोरी इतकी रिकामी झाली कीं, कांहीं खेळाडूंना रोख रकमेऐवजीं देणें कबूल केल्याच्या चिठ्ठ्या देण्यांत आल्या. त्यांत नागुर्स्कीहि होता.

गंमत अशी कीं, हीं पगार उतरण्याचीं वर्षें त्याच्या पराक्रमाच्या ऐन भराचीं होतीं. १९३२ च्या डिसेंबरांत पोर्ट्‌समथ संघाशीं निर्णायक सामना ठरला, पण शिकागोंत बर्फ इतकें पडलें कीं, उघड्या मैदानावर पाऊल टाकणें अशक्य झालें. तेव्हां १८ डिसेंबर रोजीं तो सामना ‘शिकागो स्टेडियम’ या छप्पर असलेल्या इमारतींत खेळविण्यांत आला. तेथें नुकताच सर्कशीचा मुक्काम पडून गेला होता. त्या सर्कशीसाठीं पसरलेल्या मातीवरच खेळाडू उभे राहिले. मैदान पुरतें शंभर यार्ड नव्हतें, ऐंशींतच भागवावें लागलें. तीन चतुर्थांश वेळ उलटून गेला तरी दोहों पक्षांचा एकहि गुण झाला नव्हता. मग नागुर्स्की चेंडू घेऊन नेहमींसारखा मुसंडी मारण्याच्या आविर्भावानें पुढें झेंपावला, एकदम मागें सरला, आणि गोलरेषेपलीकडे उभ्या असलेल्या रेड ग्रेंजच्या हातांत त्यानें चेंडू फेकला. पुढें चेंडू फेकणारानें रेषेच्या निदान पांच यार्ड मागें असावें असा तेव्हांचा नियम. तेवढा तो मागें नव्हता, असा प्रतिपक्षानें आरडाओरडा केला, पण पंचांनीं तो मानला नाहीं. बेअर्स ९ विरुद्ध ० अशा गुणांनीं जिंकले. पुढल्या वर्षीं नियमच बदलला आणि रेषेच्या मागून कोठूनहि चेंडू फेकण्याची मुभा मिळाली. ज्या खेळांत आज चेंडूफेक हेंच मुख्य अस्त्र झालें आहे, त्यांतल्या या बदलाला निमित्त व्हावें तें मुसंडीसाठीं गाजलेल्या गड्यानें, हा योगायोग चमत्कारिकच म्हणावा लागेल. १७ डिसेंबर १९३३ रोजीं न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना झाला, त्यांतहि त्याच्याच दोन फेकींनीं बेअर्सना गुण मिळाले व २३ विरुद्ध २१ असा निसटता जय पदरीं पडला.

याच १९३३ सालीं नागुर्स्की मिनिॲपोलिस येथें प्रथम कुस्तीच्या रिंगणांत उतरला. त्याचा कुस्तीचा व्यवस्थापक होता टोनी स्टेचर. हें नांव ध्यानांत ठेवावें, कारण त्याच्या भावाच्या गोष्टींतच अमेरिकन कुस्ती कशी बदलली त्याचें मर्म सांपडतें.

टोनीचा भाऊ जो स्टेचर हा एके काळचा जगज्जेता कुस्तीगीर. ४ जुलै १९१६ रोजीं ओमाहा येथें त्याची आणि एड लुइसची कुस्ती लागली. एड लुइस म्हणजे ‘स्ट्रँग्लर’, गळा आवळणारा, या नांवानें गाजलेला मल्ल. दोघेहि तोलामोलाचे. सुमारें पांच तास ते एकमेकांना धरून राहिले, आणि निकाल कांहींच लागला नाहीं! प्रेक्षक कंटाळून गेले. खऱ्या कुस्तीचा हा दोष पैसा करूं पाहणाऱ्यांना परवडण्यासारखा नव्हता. १९२० नंतरच्या दशकांत कंत्राटदारांनीं त्यावर जो तोडगा काढला, तो आपल्या आखाड्यांना अगदींच अपरिचित नाहीं. आपण ज्याला नुरा कुस्ती म्हणतो, म्हणजे दोघांनीं आधीं संगनमत करून लावलेली कुस्ती, ती तेथें अपवाद न राहतां नेमच होऊन बसली. फरक इतकाच कीं, आपल्याकडे नुरा कुस्ती उघडकीस आली तर फडांत दगड पडत. तेथें मात्र तिचा एक भरभराटीचा धंदा झाला.

एकदां निकाल ठरवूनच लावावयाचा म्हटल्यावर जिंकणारा उत्तम मल्लच असला पाहिजे, अशी आवश्यकता उरली नाहीं. हवें होतें तें नांव, रूप आणि गर्दी खेंचणारी कीर्ति. आणि तयार कीर्तीचा सर्वांत मोठा साठा कोठें होता? विद्यापीठांच्या फुटबॉल मैदानांवर. तेथल्या गड्यांचीं नांवें वर्तमानपत्रांनीं आधींच घरोघर पोंचविलीं होतीं. ८ जानेवारी १९२५ रोजीं कॅन्सस सिटी येथें नेब्रास्का विद्यापीठाचा माजी फुटबॉल खेळाडू वेन मन यानें खुद्द ‘स्ट्रँग्लर’ लुइसला पाडलें, तें याच हिशेबानें.

पण नुऱ्याच्या धंद्यांत एक भय असतें. ठरल्याप्रमाणें पडावयाचें ज्यानें कबूल केलें, त्यानें ऐन वेळीं शब्द फिरविला तर? १५ एप्रिल १९२५ रोजीं फिलाडेल्फियांत तेंच घडलें. मनसमोर उभा होता पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को. हें नांव भारतीय वाचकांच्या ओळखीचें आहे. १९१० सालीं लंडनमध्यें गामाच्या तडाख्यापासून वांचण्यासाठीं सुमारें अडीच तास जमिनीला चिकटून राहिलेला, आणि पुढें जानेवारी १९२८ मध्यें पतियाळा येथें गामानें एका मिनिटाच्या आंत ज्याला आस्मान दाखविलें, तोच हा झ्बिस्को. गामापुढें त्याची ही गत झाली म्हणून तो लिंबूटिंबू होता असें कोणीं समजूं नये. पंचेचाळिशी उलटलेली असूनहि त्यानें त्या दिवशीं धिप्पाड मनला पुन्हां पुन्हां चीत केलें, आणि कंत्राटदारांचा सगळा बेत मातींत मिळविला. पुढच्याच महिन्यांत तें अजिंक्यपद त्यानें सेंट लुइस येथें जो स्टेचरकडे जाऊं दिलें.

या धड्यानंतरहि कंत्राटदारांनीं फुटबॉलवाल्यांचा नाद सोडला नाहीं; ते फक्त सावध झाले. ४ जानेवारी १९२९ रोजीं बॉस्टन येथें गस सॉननबर्गनें लुइसला हरविलें. हा सॉननबर्ग उंचीनें ठेंगणा, प्रॉव्हिडन्सच्या विजयी फुटबॉल संघांतला. कुस्तीचे पेंच त्याला बेताचेच येत. पण तो धांवत येऊन फुटबॉलच्या पद्धतीनें प्रतिस्पर्ध्याच्या पोटांत डोकें घालून उडी घेई. लोकांना ती उडी इतकी आवडली कीं, तास तास चालणारी धरपकड कायमची मागें पडली. त्याच सालीं लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर एका सामान्य कुस्तीगिरानें या जगज्जेत्याला झोडपून काढलें आणि ती बातमी देशभर झाली, तरीहि तिकिटांची विक्री थांबली नाहीं. नोटर डेमचा जो सॅव्होल्डी, बेअर्सचाच जिम मॅकमिलन असे आणखी कितीतरी गडी मग त्या वाटेनें गेले.

नागुर्स्कीची गोष्ट या सगळ्यांहून निराळी. इतरांनीं मैदान सोडलें आणि ते आखाड्यांत गेले. त्यानें कैक वर्षें दोन्हीं संभाळलीं. रिंगणांतहि त्याचें मुख्य हत्यार म्हणजे खांद्याची धडक, मैदानावर शिकलेली. २९ जून १९३७ रोजीं मिनिॲपोलिस येथें डीन डेटनला हरवून तो जगज्जेता म्हणून जाहीर झाला. ‘जगज्जेता’ हा शब्द येथें जरा बेतानेंच घ्यावा, कारण त्या वेळीं निरनिराळ्या प्रांतांतल्या कंत्राटदारांचे जगज्जेते निरनिराळे असत. आरंभीं सांगितलेली ती तीन आठवड्यांची धांवपळ याच वर्षांतली.

त्या हंगामानंतर त्यानें हॅलसकडे वर्षाला ६,००० डॉलर मागितले. हॅलसनें ते दिले नाहींत. तेव्हां एकोणतीस वर्षांच्या नागुर्स्कीनें फुटबॉलला रामराम ठोकला व तो सर्वस्वी कुस्तीच्या धंद्यांत शिरला. हॅलसला या काटकसरीची शिक्षा झाली असें म्हणण्याचा मोह होतो, पण इतिहास तसा न्यायी नाहीं; १९४० मध्यें बेअर्सनीं वॉशिंग्टनला ७३ विरुद्ध ० असें धुळीस मिळवून पुन्हां अजिंक्यपद पटकावलें.

आणि नागुर्स्कीचें काय झालें? १८ नोव्हेंबर १९३८ रोजीं फिलाडेल्फियांत ग्रीक मल्ल जिम लाँडोस याजकडून तो पराभूत झाला. २३ जून १९३९ रोजीं ह्यूस्टन येथें लू थेझ या तेवीस वर्षांच्या तरुण मल्लाला हरवून त्यानें नॅशनल रेसलिंग असोसिएशनचें पद घेतलें. या कुस्तींत थेझच्या गुडघ्याला जबर दुखापत झाली. ७ मार्च १९४० रोजीं सेंट लुइस येथें रे स्टीलनें तें पद त्याच्याकडून घेतलें, ११ मार्च १९४१ रोजीं मिनिॲपोलिस येथें त्यानें तें स्टीलकडून परत मिळविलें, आणि तीन महिने पुरे होण्यापूर्वींच ५ जूनला सेंट लुइस येथें सँडोर साबोनें तें नेलें. या तारखा ओळीनें वाचल्या म्हणजे एखाद्या हुंडीचा प्रवास वाचीत असल्यासारखें वाटतें. स्टील आणि थेझ हे दोघेहि अस्सल जाणकार मल्ल; खऱ्या पेंचांत त्यांनीं नागुर्स्कीला किती वेळ उभें राहूं दिलें असतें याची शंकाच आहे. उलट, मैदानावर ज्याला खालीं आणण्यासाठीं तिघाचौघांना अंग टाकावें लागे, तो या रिंगणांत ठरल्या मिनिटाला, ठरल्या माणसापुढें पाठ टेकीत होता. अंगांतली ताकद खरी, आणि तिचा उपयोग मात्र लटक्या लढाईंत, असा हा सौदा होता. उतारवयांत त्यानें या धंद्याची कधीं फुशारकी मारली नाहीं. रोज नवा गांव, घरापासून दूर, आणि मिळकतींतून प्रवासखर्च वजा, हें कांहीं फारसें चांगलें जिणें नव्हे, असें तो बातमीदारांना सांगे.

खऱ्या लढाईची एक संधि त्याला पुन्हां मिळाली. १९४३ मध्यें दुसऱ्या महायुद्धानें फुटबॉलचे संघ ओस पाडले. तरुण खेळाडू फौजेंत गेले. हॅलसहि आरमारांत गेला होता. बेअर्सनीं इंटरनॅशनल फॉल्सच्या शेतावरून नागुर्स्कीला बोलावणें पाठविलें. सहा वर्षें मैदानावर पाय न ठेवलेला, पस्तिशीला टेंकलेला हा माणूस आला, पण टॅकल म्हणून. चेंडू घेऊन पळण्याचें काम आपल्याच्यानें आतां होणार नाहीं असें सर्वांनीं धरून चाललें होतें. हंगामभर तो रांगेंत उभा राहून धडका खात राहिला. शेवटचा सामना शिकागो कार्डिनल्सशीं होता. या संघानें त्या वर्षीं एकहि सामना जिंकला नव्हता, आणि तरीहि अखेरच्या चतुर्थांशाच्या तोंडाशीं तो २४ विरुद्ध १४ असा पुढें होता. हा सामना गमावला तर बेअर्सचें अजिंक्यपदाच्या लढतींतलें स्थान धोक्यांत येणार होतें. तेव्हां नागुर्स्कीला त्याच्या जुन्या जागीं, फुलबॅक म्हणून, उभें करण्यांत आलें. पुढें काय होणार हें मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतें, आणि तेंच झालें. चेंडू त्याच्या हातीं देण्यांत आला, आणि तो मधोमध शिरला. पुन्हां देण्यांत आला, पुन्हां शिरला. अशा सोळा मुसंड्यांत त्यानें चौऱ्याऐंशीं यार्ड कापले. बेअर्स ३५ विरुद्ध २४ असे जिंकले. २६ डिसेंबरला वॉशिंग्टनविरुद्ध झालेला अजिंक्यपदाचा सामनाहि त्यांनीं ४१ विरुद्ध २१ असा मारला, आणि त्यांतला एक गोल नागुर्स्कीनें स्वतः रेषा ओलांडून केला. त्यानंतर तो व्यावसायिक फुटबॉल खेळला नाहीं.

कुस्त्या मात्र चालूच राहिल्या. त्या पन्नाशीच्या सुमारापर्यंत, म्हणजे १९५० नंतरचें दशक बहुतेक सरेपर्यंत, तो करीत होता. सहा मुलांचा प्रपंच होता आणि गुडघे, घोटे तर कधींच निकामी होत आले होते. १९५१ मध्यें महाविद्यालयीन फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत आणि १९६३ मध्यें व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत, दोन्हीकडे पहिल्याच यादींत, त्याचें नांव घातलें गेलें. बेअर्सचा तीन नंबरचा सदरा त्याच्यानंतर कोणाला मिळेनासा झाला. २२ जानेवारी १९८४ रोजीं टँपा येथें झालेल्या सुपर बोल सामन्याच्या आरंभीं नाणें उडविण्याचा मान त्याला देण्यांत आला. ७ जानेवारी १९९० रोजीं तो वारला.

कुस्ती सुटल्यावर त्यानें इंटरनॅशनल फॉल्समध्यें पेट्रोलपंप चालविला. गांवकरी सांगत कीं, त्याच्या पंपाचें गिऱ्हाईक कधीं तुटत नसे; कारण टाकींत पेट्रोल भरून ब्रोंकोनें एकदां झांकण आवळलें, म्हणजे तें उघडावयाला पुन्हां ब्रोंकोकडेच जावें लागे.